नाणेघाट, कापूस आणि राब

शहापूर-मुरबाडच्या मधल्या किन्हवली पट्ट्याची इंग्रज सरकारने तपशीलवार दखल घेतली ती १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये. त्यात माहिती रग्गड. लेण्या-शिलालेखांच्या मजकुराला भगवानलाल इंद्रजींसारख्या जाणत्याचा हात लागलेला. पण स्थळांचा कारभार सुटा-सुटा: नाणेघाट एका नोंदीत, कल्याणचं बंदर दुसऱ्या. सांधे वाचणाऱ्याने जुळवायचे.

ते काम पुढे दा. ध. कोसंबींनी मनावर घेतलं. पेशाने गणिती, पण इतिहास पायी हिंडून वाचायचा हा हट्ट. लेणी नेमकी व्यापारी वाटांच्या कडेला का, हा त्यांचा आवडता प्रश्न. त्यांच्या १९५६ च्या ग्रंथानंतर तो टाळणं अवघड झालं. त्या नजरेने नाणेघाट पाहावा. वैशाखऱ्याकडून चढून गेलं की माथ्यावर सातवाहनांचं लेणं. राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांची यादी आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाण्यांचे आकडे. एवढी ऐपत आली कुठून? घाटाच्या एका टोकाला जुन्नर, दुसऱ्या टोकाला कल्याण. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक पुस्तिकेत नोंद आहे, की कल्याणला लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात. बंदरं अशी अडवली गेली, की घाटावरच्या बैलांच्या तांड्यांना झळ लागणारच. आणि जुन्नरच्या लेण्यांत दान देणारे यवन, म्हणजे ग्रीक, आहेतच.

संजय सुब्रह्मण्यम यांनी १९९७ च्या लेखात ‘जोडलेल्या इतिहासां’ची मांडणी केली ती आरंभिक आधुनिक काळासाठी. आमच्याकडे ती आगगाडीलाही लागू पडते. अमेरिकेत यादवी पेटली त्याच १८६१ साली रूळ कसाऱ्यापर्यंत आले. त्या युद्धापायी इथल्या कापसाला सोन्याचा भाव, मुंबईत शेअरांचं वेड. थळ घाट चढून गाडी इगतपुरीला गेली १८६५ त. त्याच वर्षी युद्ध संपलं, भाव गडगडला आणि मुंबईत अनेकांचं दिवाळं निघालं.

मात्र या पद्धतीला फिरत्या मालाचं कौतुक जरा जास्तच, असं मला वाटतं. जो कुठेच गेला नाही, त्याचं काय? इथला भातकरी पावसाआधी राब भाजतो: टहाळ, पाला, गवत, शेण वाफ्यावर पसरायचं, वर माती टाकून पेटवायचं, त्या राखेत रोप. त्याची नजर जहाजाकडे नव्हती, टहाळाकडे होती. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर त्या टहाळावरच गदा आली. ओरड इतकी झाली, की ठाणे-कुलाब्यासाठी सरकारला आयोग नेमावा लागला. १८८७ च्या त्याच्या अहवालात राब हा कळीचा मुद्दा.

हे समजायला तुलना लागते. मार्क ब्लॉक या फ्रेंच इतिहासकाराने १९२८ मध्येच तिचा आग्रह धरला होता. इथे शेजारी ठेवावी ती जावा. तिथेही सागवान, तिथेही परकी सत्ता, १८६५ चा जंगल कायदा, आणि सरपणापायी गुन्हेगार ठरलेले गावकरी. तुलना करता करता धागाही सापडतो: जावात डचांनी जर्मन वनतज्ज्ञ आणले होते, आणि हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक, १८६४ चे डिट्रिख ब्रँडिस, तेही जर्मनच. झाड म्हणजे मोजून ठेवायचं लाकूड, ही शिस्त दोन्हीकडे एकाच मुलखातून आली. राबाचा टहाळ त्या हिशेबात कुठल्याच रकान्यात बसत नव्हता.