दोरशिडीचा कणा

बांबूची शिडी भिंतीला टेकवली की आपण निर्धास्त चढतो, कारण तिचे उभे बांबू वाकत नाहीत. पण ताठ शिडी वाहून न्यायला जड आणि ठेवायला अडचणीची. म्हणून माणसानं शिडी गुंडाळून पाहिली, दुमडून पाहिली, नळीत नळी सरकवून पाहिली. प्रत्येक वेळी कोडं तेच पडलं. काढून घेतलेला ताठपणा परत कुठून आणायचा?

मोकळ्या लोंबत्या दोरशिडीवर नवखा माणूस फार तर चार पायऱ्या चढतो. पायरीवर जोर दिला की ती पुढे पळते, पाठ मागे कलते आणि सगळं वजन दंडांवर येतं. शरीराचा भार शिडी जिथं टांगली आहे त्याच्या बरोबर खाली यायला हवा, आणि शिडीच्या एकाच बाजूला राहून तो येत नाही. त्यात दोराचा पीळ. भार पडताच शिडी गरकन फिरू लागते.

फ्रान्समधले गुहाशोधक रोबेर द जोली यांनी 1930च्या दशकात यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. तोवर गुहेत उतरायला तागाच्या दोराच्या, लाकडी पायऱ्यांच्या शिड्या असत. भिजल्या की त्या ओढून न्यायलाच माणसं लागत. द जोलींनी दोराऐवजी पोलादी तार घेतली, लाकडाऐवजी हलक्या मिश्रधातूच्या नळ्या, आणि शिडी इतकी अरुंद केली की पायरीवर जेमतेम एक पाऊल मावावं. गुंडाळली की ती पिशवीत जाते. ताठपणा परत आणायच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. ते काम चढणाऱ्यावर सोपवलं गेलं. एक पाय समोरून टाकायचा, दुसरा शिडीच्या मागून, टाच पायरीवर येईल असा. हातही मागून वळवून पायरी धरायची. शिडी दोन्ही पायांच्या मधून जाते, भार सरळ रेषेत येतो आणि हात मोकळे श्वास घेतात. कमरेला सुरक्षेचा दोर हवाच. पुढे एकाच दोरावर पकडसाधनं सरकवत चढायची रीत आली आणि लांब उतारांवरून ही शिडी मागे पडली. छोट्या उतारांसाठी मात्र ती अजून वापरतात.

घरोघरी पोचलेल्या सरकत्या ॲल्युमिनियमच्या शिडीत ताठपणा खिट्ट्यांवर उभा असतो. प्रत्येक पायरीच्या दोन्ही टोकांना स्प्रिंगची खिट्टी असते. दोन्ही बसल्या तर शिडी, एक जरी अर्धवट राहिली तरी सापळा. चढण्याआधी खालून वरपर्यंत प्रत्येक खिट्टी बघून घ्या, एवढंच सांगून पुढे जातो.

कारण दोरशिडीची सगळ्यात विचारपूर्वक केलेली रचना समुद्रावर आहे. मुंबई किंवा न्हावाशेवा बंदरात येणाऱ्या मोठ्या जहाजावर बंदराचा पायलट चढतो आणि कप्तानाला वाट दाखवत जहाज आत आणतो. तो चढतो दोरशिडीनं, चालत्या जहाजावर, लाटेवर वरखाली होणाऱ्या लाँचमधून. लाँच लाटेच्या माथ्यावर आली की शिडी धरायची. खाली जाताना धरली तर पुढच्याच लाटेला लाँच वर येऊन पाय चेंगरते.

ही शिडी कशी असावी ते आंतरराष्ट्रीय नियमांनी मिलिमीटरपर्यंत ठरवलं आहे. दोन्ही बाजूंना 18 मिलिमीटर किंवा जास्त जाडीचे दोन-दोन दोर, मध्ये कुठंही जोड नाही. पायऱ्या गोल दांड्यांच्या नव्हेत, सपाट फळ्यांच्या. दोन पायऱ्यांत 310 ते 350 मिलिमीटर अंतर. खालच्या चार पायऱ्या रबराच्या चालतात, कारण लाँच आदळते ती तिथंच. आणि ठरावीक अंतरानं एक पायरी निदान 1.8 मीटर लांबीची, शिडीच्या दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेली. जहाज डोललं तरी ही लांब फळी जहाजाच्या अंगाला आडवी टेकून राहते आणि शिडीला उलटी होऊ देत नाही. सबंध शिडी मऊ ठेवून ताठपणा फक्त या मोजक्या फळ्यांत साठवला आहे. गुंडाळायला अडचण नाही, पण पीळही पडत नाही. दोरशिडीला दिलेला कणाच हा.

एवढं असूनही पायलट पडतात, मरतात. शिडीची रचना चोख असली तरी ती बांधणारे हात घाईत असतात. जहाज भरलं की खोल बसतं, रिकामं झालं की उंच येतं. म्हणून शिडी दर वेळी वेगळ्या लांबीची सोडावी लागते. तेव्हा काही खलाशी पायरीखाली लोखंडी कडी अडकवून मोकळे होतात. मग सगळा भार त्या एका फळीवर आणि तिच्या बांधणीवर येतो. बरोबर रीत म्हणजे बाजूच्या दोरांनाच वेगळ्या दोरानं आवळगाठ मारून तो डेकवरच्या पक्क्या कडीला बांधणं. भार दोरावरच राहायला हवा.

जहाजाचा काठ पाण्यापासून 9 मीटरपेक्षा उंच असेल तर नुसती दोरशिडी चालत नाही. ती अर्ध्यापर्यंत, पुढे जहाजाची तिरपी जिना-शिडी. काही जहाजांवर या जिन्याच्या फलाटाला झडप असते आणि पायलटनं त्या भोकातून वर यायचं असतं. नियमाप्रमाणे दोरशिडी भोकातून फलाटाच्या कठड्याएवढी वर गेलेली हवी. पुष्कळ ठिकाणी ती फलाटाच्या खालीच टांगलेली असते. मग पायलटला शिडी सोडून, अंग मागे झोकून, हातांच्या बळावर स्वतःला वर ओढावं लागतं. 2019च्या डिसेंबरात न्यू यॉर्क बंदराबाहेर झडपेच्या अशाच जोडशिडीवरून पडून एक मुरलेला पायलट गेला. तेव्हापासून पायलटांच्या संघटना या रचनेविरुद्ध आणखी जोरानं बोलू लागल्या.

पायलटपाशी एक अधिकार आहे. लाँचमधून वर बघून शिडी चुकीची वाटली तर तो चढायला नकार देऊ शकतो. मग शिडी नीट बांधून होईपर्यंत जहाज बंदराबाहेर थांबतं, भाड्याचा मीटर चालू असताना. तो नकार देणाऱ्या पायलटला कुणी नखरेबाज म्हणू नये.