न उच्चारलीं जाणारीं अक्षरें

मी इंग्रजी शाळेंत शिकत असतांना एकदां वर्गांत उभा राहून धडा वाचीत होतों. त्यांत अन्नसामग्री या अर्थाचा एक शब्द आला. त्याचें स्पेलिंग असें: व्ही, आय, सी, टी, यू, ए, एल, एस. मीं अक्षरांवर विश्वास ठेवून 'व्हिक्ट्युअल्स' असें मोठ्यानें वाचलें. गुरुजी हंसले, आणि मग सारा वर्ग हंसला. खरा उच्चार 'व्हिटल्स' असा आहे. त्यानंतर कित्येक महिने मीं वाचण्यासाठीं आपण होऊन हात वर केला नाहीं.

आतां वाटतें कीं, त्या चुकीचा अर्धा दोष त्या शब्दाकडेच जातो. हा शब्द फ्रेंचांतून इंग्रजींत आला, तेव्हां त्यांत 'सी' नव्हता. याच्या लॅटिन मुळांत तें अक्षर आहे असें पाहून पुढें विद्वानांनीं तें लिहिण्यांत घातलें. लोकांच्या तोंडीं मात्र जुनाच उच्चार राहिला. कर्ज या अर्थाच्या 'डेट' शब्दांतील 'बी' आणि पावती या अर्थाच्या 'रिसीट' शब्दांतील 'पी' हीं अक्षरें याच वाटेनें आलीं. बेट या अर्थाच्या 'आयलंड' शब्दांत 'एस' घातला गेला तो तर निव्वळ गैरसमजानें. ज्या लॅटिन कुळाशीं त्याचें नातें जोडलें, त्या कुळाचा तो शब्दच नव्हे.

'कर्नल' या शब्दाची कथा निराळी आहे. सोळाव्या शतकांत तो फ्रेंचांतून आला तेव्हां त्यांत 'आर' होता. मागाहून मूळच्या इटालियन रूपास अनुसरून तेथें 'एल' लिहूं लागले, पण उच्चारांतील 'र' कांहीं हलला नाहीं. आमच्या कोंकणी खलाशांच्या सारंगासारखा जो इंग्रजी जहाजावरील अधिकारी, त्याचें नांव नऊ अक्षरांनीं लिहितात आणि नुसतें 'बोसन' असें म्हणतात. येथें खलाशांच्या घाईच्या बोलण्यानें शब्द झिजला आहे.

इंग्लंडांत कॅक्स्टननें १४७६ मध्यें छापखाना काढला. पुढें छापील पुस्तकांमुळें स्पेलिंग हळूहळू स्थिर झालें, पण बोलणें बदलतच राहिलें.

इंग्रजीस हंसण्यापूर्वीं आपली मराठी पाहावी. 'चार' आणि 'चारा' यांतील 'च' निरनिराळा आहे, परंतु लिहिण्यांत त्याची खूण कोठें आहे?

म्हणून मुलांनो, अपरिचित शब्द भेटला म्हणजे कोशांत अर्थाबरोबर उच्चारही पाहा. ऑक्सफर्डचा मोठा कोश १८८४ पासून भागाभागानें निघून १९२८ मध्यें पुरा झाला. त्यांत शब्दांचीं जुनीं रूपेंही दिलेलीं आहेत. आणि शेजारचा मुलगा चुकला तर त्यास हंसूं नका. ज्याच्या घरीं इंग्रजी बोललें जात नाहीं, त्याला असा शब्द कानाआधीं डोळ्यांनींच भेटतो. त्याची चूक ही बहुधा त्यानें पुस्तक वाचल्याची साक्ष असते. पालकांनीं व आम्हां शिक्षकांनींही हें ध्यानांत ठेवावें. कारण चुकलेला उच्चार एका क्षणांत सुधारतां येतो, खालीं गेलेला हात पुन्हां वर येण्यास फार दिवस लागतात.