उलटी बाजू बघा! : सोलापुरी चादर, पंचकार्ड आणि आमचा दिवाण

आजचा एपिसोड थेट विरार पूर्वेहून, चंदनसारच्या आमच्या वन बीएचकेमधून. ऑडिओत मध्येच कुकरची शिट्टी ऐकू येईल. इथे लिहिताना ती गाळलीये, बाकी बोलले तसंच ठेवलंय.

विषय आहे रेट्रो डेकोर. रील्समध्ये बघता ना तुम्ही, भौमितिक नक्षीचे पडदे, फुलाफुलांच्या टाइल्स, इनॅमलचे मग? मलाही तेच हवं होतं. आम्ही परळच्या चाळीतून इथे आलो, हप्ता सुरू झाला, आणि पहिल्या पगारातून मी ऑनलाइन एक 'रेट्रो प्रिंट' बेडकव्हर मागवलं. १,८०० रुपये. पहिल्याच धुण्यात बादलीभर रंग उतरला, सोबतचा पांढरा कुर्ता गुलाबी झाला.

आई काही बोलली नाही. माळ्यावरून एक गाठोडं काढलं आणि आतली जुनी सोलापुरी चादर माझ्या पुढ्यात टाकली. मरून आणि पांढरी, चौकटीत चौकट अशी नक्षी. माझ्याहून वयाने मोठी. असंख्य वेळा धुतलेली, तरी नक्षी जशीच्या तशी.

का बरं? तर इथून आपला खरा एपिसोड सुरू होतो.

माझं बेडकव्हर म्हणजे पांढऱ्या कापडावर छापलेलं चित्र. ते उलटं करून बघितलं तर मागे फिकट, अर्धवट रंग. चादर उलटी केली तर मागेही पूर्ण नक्षी, फक्त रंगांची अदलाबदल! पुढे मरून तिथे मागे पांढरा. कारण इथे नक्षी कापडावर काढलेलीच नाहीये. आधी रंगवलेले धागे वर-खाली होऊन ती विणली गेलीये. वरचा थर झिजला म्हणून चित्र पुसून जाईल, असं होत नाही.

आता कुठला धागा कधी वर घ्यायचा, हे मागाला सांगतं कोण? जॅकार्ड. फ्रान्सच्या जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास ही यंत्रणा आणली. पुठ्ठ्याची कार्डं, त्यांना भोकं. भोक असेल तिथे सुई आरपार जाते आणि तो उभा धागा उचलला जातो. भोक नसेल तर धागा खालीच राहतो. मग आडवा धागा मधून निघून जातो. एक कार्ड म्हणजे एक ओळ. सगळी कार्डं माळेसारखी ओवलेली, माळ संपली की पुन्हा पहिलं कार्ड. म्हणून नक्षी रिपीट होते.

ऐकून काही आठवलं? भोक आहे किंवा नाही, एक किंवा शून्य. आणि शेवटी लूप! बीटेकच्या पहिल्या वर्षी मी फॉर लूप शिकले, तेव्हा अंगावर पांघरलेल्या चादरीतच तो आहे हे कुणी सांगितलं नाही. चार्ल्स बॅबेजने आपल्या अ‍ॅनालिटिकल इंजिनसाठी हीच कार्डांची कल्पना घेतली. पुढे १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन होलेरिथने पंचकार्डं वापरली, आणि त्याची कंपनी ज्यात विलीन झाली तीच १९२४ मध्ये आयबीएम झाली.

आपल्याकडे सोलापुरात जॅकार्ड लावलेल्या मागांवर या चादरी होतात. तिथल्या विणकरांत तेलुगू बोलणारा पद्मशाली समाज मोठा आहे. सोलापुरी चादरीला जीआय मानांकनही आहे, म्हणजे ते नाव त्या भागातल्या मालासाठीच. म्हणून 'सोलापुरी टाइप' लिहिलं असेल तर जरा थांबा.

हाच नियम फरशीलाही लावा. जुन्या वाड्यांत, चाळींत नक्षीदार सिमेंटच्या फरश्या दिसतात. मुंबईत १९२२ साली, स्वदेशीच्या काळात, सिधवा कुटुंबाने भारत टाइल्स सुरू केली, ती अशाच फरश्यांसाठी. साच्यात धातूची जाळी ठेवायची, खणाखणात रंगीत सिमेंट हाताने ओतायचं, जाळी काढायची, मागे साधं सिमेंट भरून दाबायचं. भट्टी लागत नाही, पाण्यात मुरवतात. रंगाचा थर काही मिलिमीटर जाड असतो, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पाय घासूनही फूल टिकतं.

मग वन बीएचकेत हे बसवायचं कसं? माझ्या चुकांतून शिकलेलं सांगते.

एका खोलीत मोठी नक्षी एकच. दिवाणावर चादर असेल तर पडदे साधे. दुसरी नक्षी हवीच असेल तर बारीक घ्या, आणि दोन्हींत एक रंग सारखा ठेवा. आमच्याकडे तो मरून.

नवीन रंगीत सुती कापड पहिल्यांदा वेगळं धुवा, सावलीत वाळवा. आणि विरारचा पावसाळा लक्षात घ्या! जाड चादर अर्धवट ओली घडी केली की बुरशी आलीच. ऊन पडेल त्या दिवशी बाहेर काढा.

आणि विकत घेण्याआधी माळा बघा.

हे सगळं मी उत्साहाने आईला सांगितलं आणि चादर दिवाणावर अंथरायला घेतली. तिने हात धरला.

"पाहुण्यांसमोर ही? अगं, खोलीत सहाजण होतो आम्ही. ही जमिनीवर अंथरून झोपायचो. तुला जे रेट्रो वाटतंय ना, ती आमची अडचण होती."

मला उत्तर सुचलं नाही, आणि खरं सांगू, अजूनही सुचलेलं नाही. मी स्क्रीनवर जुना काळ बघून लाइक करते, तिने तो काढलाय. तिला नवीन घरात सगळं नवीन हवं होतं, आणि त्यासाठीच तर ती इतकी वर्षं राबली. तिच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं. मी चादर घडी करून ठेवून दिली.

दोन आठवड्यांनी रविवारी मावशी येणार होती. मी भाजी घेऊन परत आले तर दिवाणावर चादर! आईनेच घातलेली. एका कोपऱ्यात आजीने घातलेलं रफू आहे, ती बाजू तिने भिंतीकडे वळवली होती. मावशी बसली, हात फिरवला, आणि दोघी बहिणी तासभर त्या खोलीबद्दल बोलत राहिल्या. कुणी कुठे झोपायचं, कोण रात्री चादर ओढायचं. आई हसत होती. मी चहा टाकला.

तर मंडळी, आजचा गृहपाठ सोपा. घरातली एखादी जुनी चादर काढा, उलटी करून बघा. आणि ती दिवाणावर घालण्याआधी, जिची आहे तिला विचारा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ऐकत राहा!