गाडीचा टप का वाजतो आणि त्याला गप्प कसं करायचं

हा आजच्या एपिसोडचा लेखी भाग. हिंगणा रोडवरून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता. “भाऊ, पाऊस लागला का गाडीत डब्यात बसल्यावानी वाटते. बाबांच्या कानाला मशीन आहे. त्यांना माझं बोलणंच समजत नाही, मग मशीन काढून ठेवतात अन् गप बसून राहतात. दुकानवाला म्हणते, दरवाजे, डिक्की, फ्लोअर सगळं मॅटिंग करून देतो. करू का?”

माझं उत्तर : दरवाजे राहू दे, आधी टप कर.

कानाचं मशीन बोलण्यासोबत गोंगाटही मोठा करतं. नवी मशीन्स गोंगाट थोडा दाबतात, पण पावसाचा आवाज बारीक-जाड सगळ्या सुरांत पसरलेला असतो आणि नेमका बोलण्यावरच येऊन बसतो. म्हणून ही काही हौसेची गोष्ट नाही.

आता आवाज येतो कुठून ते बघू. छोट्या गाडीचा टप म्हणजे जेमतेम 0.7 मिलिमीटरच्या आसपास जाडीचा पत्रा. कडेनं पक्का, मधे मोकळा, खाली एक-दोन आडव्या पट्ट्या. पावसाचा मोठा थेंब ताशी 30 किलोमीटरच्या आसपास वेगानं खाली येतो. तो आदळल्याचा आवाज क्षणभराचा असतो. त्रास देतो तो त्यानंतर थरथरत राहणारा पत्रा. डग्ग्यासारखाच म्हणा ना.

घरी करून बघा. स्टीलचं ताट काठाला दोन बोटांनी धरा आणि चमच्यानं वाजवा. आता ताटाच्या मागे कणकेचा गोळा चापून दाबा आणि पुन्हा वाजवा. ढण्ण जाऊन ठक उरतं. कणकेनं आवाज अडवला नाही. तिनं ताटाची थरथर खाल्ली, तिची थोडी उष्णता करून टाकली. (तबला-मृदंगावरची शाई काय करते यावर सी. व्ही. रमण यांनी 1920 मध्ये लिहिलंय. तिथे शाई सूर जुळवते, आपल्याला मात्र सूरच नकोय. आणि हो, आपल्या रमण विज्ञान केंद्रातले रमण ते हेच. सरकारी नोकरीत असताना ते काही काळ नागपुरात होते.)

गाडीत कणकेचं काम करते ब्यूटाइल शीट, म्हणजे चिकट रबर आणि वरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. दोन मिलिमीटर जाडीची पुरते. आणि पूर्ण टप मढवायची गरज नाही. पट्ट्यांच्या मधला जो भाग जास्त वाजतो, तिथे अर्ध्याअधिक जागेवर लावली तरी थरथर मोडते. वजन दोन-तीन किलोच वाढतं. नुसता फोम लावून देणारे भेटतील. फोम हवेतला बारीक आवाज शोषतो, पत्र्याची थरथर त्याच्यानं थांबत नाही. तो लावायचाच तर ब्यूटाइलच्या वर, पाणी न पिणारा.

इथे नागपूरकरांनी कान द्या. गच्चीची गळती थांबवायची डांबरी पट्टी दिसायला अगदी तशीच असते आणि स्वस्त मिळते, म्हणून काही जण तीच लावतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि उन्हात उभ्या गाडीचा टप त्याच्याहून कितीतरी जास्त तापतो. डांबर मऊ पडतं, वास मारतं, पट्टी सुटून आतल्या कापडावर लोंबते. पुण्याच्या व्हिडिओत टिकलं म्हणून इथे टिकेल असं नाही. घेताना डोळे झाकून ‘डॅम्पिंग शीट’ मागू नका, ब्यूटाइल आहे का हे विचारा आणि वास घेऊन बघा. डांबराचा वास आला की परत करा.

काम अर्ध्या दिवसाचं. आतला दिवा, सनव्हायजर, हँडल, दाराचं रबर काढून छताचं अस्तर खाली घेतात. ते दुमडू देऊ नका, घडी पडली की जात नाही. पत्रा पुसून कोरडा करायचा, शीट रोलरनं दाबून बसवायची. आत ओल दिसली तर काम थांबवा, आधी गळती शोधा. ओलीवर शीट लावली की खाली गंज धरतो. आणि गाडीत कर्टन एअरबॅग असतील तर त्या टपाच्या कडेलाच घडी घालून ठेवलेल्या असतात. तिथे ना शीट, ना फोम, ना नवा स्क्रू. अशा गाडीचं अस्तर एअरबॅगची माहिती असलेल्या मेकॅनिककडूनच काढून घ्या.

फरक कसा कळेल? कामाच्या आधी टपाच्या मधोमध बोटाच्या पेरानं ठोका आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. नंतर पुन्हा ठोका. दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा हे बरं.

गाडी एकदम शांत होईल असं मात्र समजू नका. सिग्नलला उभं असताना बराच आवाज टपाचा असतो, तिथे फरक चांगला जाणवेल. वर्धा रोडवर साठच्या वेगात समोरच्या काचेवर आपटणारा पाऊस आणि चाकांनी उडवलेलं पाणी राहणारच. त्यामुळे भाऊ, काम झाल्यावर पावसात बाबांना एकदा पुढे बसव, एकदा मागे बसव, आणि कुठे तुझं बोलणं जास्त समजतं ते त्यांनाच विचार.