वसई-विरारमधील द्वितीय भाषाशिक्षण

पालघर जिल्ह्यातील वसई-विरार परिसरात घरच्या भाषेखेरीज दुसरी भाषा शिकण्याच्या आणि शिकवण्याच्या प्रक्रियेला या लेखात 'द्वितीय भाषाशिक्षण' म्हटले आहे. या परिसरात मराठीच्या अनेक बोली, आदिवासी बोली आणि स्थलांतरितांच्या भाषा एकत्र नांदतात. त्यामुळे मराठी शिकणाऱ्या दोन व्यक्तींचा आरंभबिंदू क्वचितच एक असतो. शिकणाऱ्याची घरची भाषा, त्याचे उद्दिष्ट आणि त्याला मिळणारा सहवास यांवर कोणती पद्धत उपयुक्त ठरेल हे अवलंबून असते.

भाषिक पार्श्वभूमी

वसईच्या किनारपट्टीवर सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती (कुपारी) समाजात कादोडी, म्हणजेच सामवेदी, ही बोली बोलली जाते. वाडवळ समाजाची वाडवळी आणि कोळीवाड्यांतील कोळी बोली याच पट्ट्यातील आहेत, तर तालुक्याच्या पूर्व भागात वारली व इतर आदिवासी बोली आढळतात. पश्चिम रेल्वेवरील नायगाव, वसई रोड, नालासोपारा आणि विरार या स्थानकांभोवती वाढलेल्या वस्त्यांत हिंदी, भोजपुरी, गुजराती आणि मल्याळम भाषक मोठ्या संख्येने राहतात. २०११ च्या जनगणनेनुसार वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती.

इतिहास

वसई १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगिजांच्या ताब्यात होती आणि त्यांच्या उत्तर प्रांताचे ते मुख्य ठाणे होते. धर्मप्रसारासाठी आलेल्या मिशनऱ्यांना स्थानिक भाषा शिकणे भाग होते. शिकणाऱ्याला व्याकरणाचा आधार देणे हा त्यांचा एक मार्ग होता. इंग्लंडमधून १५७९ मध्ये गोव्यात आलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत 'क्रिस्तपुराण' (१६१६) रचले. त्यांनी लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले. उत्तर कोकणच्या बोलीचे असेच एक व्याकरण सतराव्या शतकात एका अज्ञात पोर्तुगीज मिशनऱ्याने लिहिले. जोआकिम हेलिओदोरो दा कुन्हा रिवारा यांनी ते १८५८ मध्ये गोव्यात प्रथम प्रसिद्ध केले.

याउलट १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला. हुकूम निघाला, तरी घरातील भाषा बदलली नाही. वसईच्या ख्रिस्ती गावांत आजही मराठीच्या बोलीच घराघरांत बोलल्या जातात. रायगड जिल्ह्यातील कोर्लई येथे मात्र पोर्तुगीजवर आधारलेली मिश्रभाषा घरात रुजली आणि आजवर टिकून आहे. दैनंदिन व्यवहारात स्थान मिळाल्याशिवाय शिकलेली भाषा टिकत नाही, हे या दोन उदाहरणांतून दिसते.

प्रमुख पद्धती

व्याकरण-भाषांतर पद्धत: नियम आणि शब्दसूची पाठ करून भाषांतर केले जाते. वाचन व अचूक लेखन यांसाठी ती उपयोगी असते, परंतु बोलण्याचा सराव कमी मिळतो.

प्रत्यक्ष पद्धत: शिकणाऱ्याची भाषा न वापरता वस्तू, कृती आणि प्रश्नोत्तरे यांतून नवी भाषा शिकवली जाते.

श्रवण-भाषण पद्धत: वाक्यरचनांचे साचे ऐकून ते वारंवार म्हटले जातात. उच्चार सुधारतात, मात्र साच्याबाहेरच्या संभाषणात शिकणारा अडखळतो.

संवादाधारित पद्धत: तिकीट काढणे, भाजी घेणे, दवाखान्यात तक्रार सांगणे अशा कामांभोवती पाठ रचले जातात.

निमज्जन पद्धत: इतर विषयही नव्या भाषेतच शिकवले जातात. कॅनडातील क्वेबेक प्रांतात १९६५ मध्ये सुरू झालेला फ्रेंच वर्गांचा प्रयोग हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. तेथील मुलांची घरची भाषा इंग्रजी प्रतिष्ठित व सुरक्षित होती, ही बाब या प्रयोगाचे अनुकरण करताना महत्त्वाची ठरते.

घरच्या भाषेनुसार निवड

हिंदी भाषकांना देवनागरी लिपी येत असल्याने वाचन लवकर सुरू करता येते. मात्र हे साम्य फसवेही असते. हिंदीत 'खाली' म्हणजे रिकामे, मराठीत खालच्या बाजूस. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. हिंदीत नसलेले नपुंसकलिंग आणि 'रस्ता – रस्त्यावर', 'शाळा – शाळेत' अशी व्यापक सामान्यरूपे यांत चुका राहतात. 'चहा' आणि 'चव' यांतील 'च'चे दोन उच्चार लिपीत दिसत नाहीत, म्हणून ते ऐकूनच शिकावे लागतात. या गटाला संभाषणाच्या जोडीला तुलनात्मक व्याकरणाची थोडी मदत उपयोगी पडते.

गुजराती भाषकांच्या भाषेत तीन लिंगे, 'ळ' हा वर्ण आणि 'आम्ही – आपण' यांसारखा भेद आधीच असतो. त्यांना व्याकरणाच्या पायाभूत पाठांवर फार वेळ घालवावा लागत नाही. थेट संवाद आणि वाचन हा त्यांच्यासाठी जवळचा मार्ग आहे.

मल्याळम भाषकांना 'ळ' आणि 'आम्ही – आपण' हा भेद परिचित असतो, परंतु मल्याळममध्ये क्रियापद लिंगानुसार बदलत नाही. 'मी पुस्तक वाचले' आणि 'मी चिठ्ठी वाचली' यांतील फरक केवळ ऐकून चटकन उमगत नाही. लिपीही नवी असते. त्यामुळे प्रारंभी लिपी व वाक्यसाचे यांचा क्रमबद्ध अभ्यास आणि नंतर संभाषण असा क्रम सोयीचा ठरतो.

बोलीभाषक मुले

कादोडी, वाडवळी किंवा वारली बोलणारे मूल शाळेत येते तेव्हा त्याला मराठीभाषक म्हणून गणले जाते. प्रत्यक्षात प्रमाण मराठीचे उच्चार, रूपे आणि अनेक शब्द त्याला नवे असतात. त्याची बोली 'अशुद्ध' ठरवून दुरुस्त केल्यास मूल वर्गात बोलणे टाळू लागते आणि पुढील सर्वच विषयांवर त्याचा परिणाम होतो. बोलीतील शब्द आणि प्रमाण शब्द शेजारी ठेवून दोन्हींची वापराची ठिकाणे समजावणारी 'सेतू' पद्धत अशा मुलांसाठी अधिक योग्य मानली जाते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा वा मातृभाषा शिक्षणाचे माध्यम असावी, असे म्हटले आहे.

उलट दिशेने, ज्या कुटुंबांत मुले केवळ इंग्रजी वा प्रमाण मराठी बोलतात, तेथे बोली हीच नवी भाषा बनते. शाळेत बोलीचा विषय नसल्याने आजी-आजोबांशी होणारे रोजचे बोलणे हेच ती शिकण्याचे मुख्य साधन राहते. ही पिढी असेतो बोलण्याचे ध्वनिमुद्रण व शब्दसंग्रह करून ठेवल्यास पुढे अभ्याससाहित्य तयार करता येते.

संस्थात्मक व्यवस्था

महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये केलेल्या कायद्यानुसार राज्यातील सर्व माध्यमांच्या व मंडळांच्या शाळांत मराठी हा सक्तीचा विषय आहे. त्याची अंमलबजावणी २०२०-२१ पासून पहिली व सहावीच्या वर्गांपासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. प्रौढांपैकी इतर भाषक शिक्षकांसाठी म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाचे पुण्यातील पश्चिम विभागीय भाषा केंद्र मराठीचा दहा महिन्यांचा अभ्यासक्रम चालवते.

निवडीचे निकष

उद्दिष्ट: दुकान, रिक्षा वा रुग्णसेवेतील कामासाठी संवादाधारित पद्धत, तर परीक्षा व कार्यालयीन पत्रव्यवहारासाठी व्याकरण आणि लेखन यांना प्राधान्य दिले जाते.

वेळ: लोकलच्या प्रवासात ऐकण्याचा आणि शब्दांच्या उजळणीचा सराव होऊ शकतो. एकाच बैठकीत पाठांतर करण्यापेक्षा वाढत्या अंतराने केलेली उजळणी अधिक काळ टिकते.

सहवास: शेजारी, सहकारी किंवा बाजारात मराठी बोलणारे असूनही ते शिकणाऱ्याशी हिंदीत बोलू लागले, तर सराव थांबतो. म्हणून ऐकणाऱ्यांनी चुका सोसून मराठीतच उत्तर देणे हा कोणत्याही पद्धतीच्या यशाचा आवश्यक भाग आहे.

साक्षरता: कोणत्याही लिपीची सवय नसलेल्या प्रौढांसाठी प्रथम संभाषण आणि नंतर परिचित शब्दांवरून अक्षरओळख असा क्रम वापरला जातो.