वेढ्यातील नगराचा नकाशा

आमच्या घरी नकाशा म्हणजे शेताच्या हद्दीचा कागद. तो खोटे बोलत नाही, अशी वडिलांची श्रद्धा. जाक कालो या चित्रकाराने काढलेला ब्रेडा नगराचा नकाशा पाहताना मला ती आठवली.

नेदरलँड्समधील प्रॉटेस्टंट बंडखोर व कॅथलिक स्पेन यांच्या दीर्घ युद्धात, ऑगस्ट १६२४ मध्ये स्पेनचा सेनापती स्पिनोला याने ब्रेडाला वेढा घातला. तटावर हल्ला न चढविता त्याने भोवती खंदक व मोर्चे बांधून रसद तोडली. जून १६२५ मध्ये उपासमारीने नगर शरण आले.

विजयानंतर स्पेनच्या ताब्यातील नेदरलँड्सची शासक इझाबेला हिने कालोकडून हा नकाशा करवून घेतला. तांब्याच्या सहा पत्र्यांवर कोरलेला हा नकाशा १६२८ मध्ये छापला गेला. वरच्या भागात नगर, नद्या व छावण्या पक्ष्याच्या नजरेतून दिसतात. खालच्या भागात सैनिक व त्यांची लुटालूट. म्हणजे निम्मा नकाशा, निम्मे चित्र!

वेढ्याची रेषा न् रेषा त्यात ठळक आहे. तटाआडची भूक मात्र दिसत नाही. रेषा खऱ्या असूनही नकाशा सारे सांगत नाही. म्हणून अंतराच्या प्रमाणाबरोबरच तो कोणी काढविला, हेही पाहावे.