कूलर तपासायचा कुणी?

एप्रिल लागला की नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या बाजारात पत्र्याचे कूलर मांडले जातात. लोखंड, पाणी आणि वीज एकाच खोक्यात. दुकानदार पत्र्याला टेस्टर टेकवतो, दिवा लागत नाही, आणि कूलर टेम्पोत चढतो.

पण टेस्टर काहीच मोजत नाही. त्यातला निऑन दिवा त्या क्षणी, त्या जागी विजेचा दाब आहे का, एवढंच दाखवतो. धक्का बसला तर किती प्रवाह वाहील, ते नाही. हातातून दहा-पंधरा मिलिअँपिअर प्रवाह गेला तरी स्नायू आखडतात, पकड सुटत नाही. तीसच्या पुढे हृदयाची लय बिघडू शकते. १६ अँपिअरच्या एमसीबीला याची खबरही लागत नाही.

खऱ्या तपासणीत आकडे येतात. प्लगच्या अर्थ पिनपासून पत्र्यापर्यंतचा रोध ओहमच्या दहाव्या भागाच्या आसपास हवा. मेगर या मोजयंत्राने ५०० व्होल्ट देऊन इन्सुलेशन पाहतात, ते मेगओहममध्ये भरायला हवं. शेवटी विजेची गळती पाहतात. इस्त्रीसारख्या उपकरणाला भारतीय मानक ०.७५ मिलिअँपिअरच्या वर सूट देत नाही.

हे करायचं कुणी? कारखान्यातून येणाऱ्या आयएसआय चिन्हाच्या वस्तूची चाचणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत होते. त्या चिन्हाजवळचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर पडताळता येतो. घरातली वायरिंग परवानाधारक विद्युत ठेकेदाराची आणि तारतंत्र्याची. विद्युत निरीक्षक वीजसंचमांडणी तपासतात, अपघाताची चौकशी करतात. घरोघरचे कूलर बघत नाहीत. महावितरणची जबाबदारी मीटरपर्यंत. गल्लीत बनलेला किंवा जुना कूलर या सगळ्यांच्या मधून निसटतो. ब्रिटनमध्ये कामाच्या ठिकाणच्या विजेसाठी १९८९चे नियम आहेत. तेही पदवी मागत नाहीत, कामाचं पुरेसं ज्ञान किंवा अनुभव मागतात. आपल्याकडे आयटीआय झालेला, मेगर वापरता येणारा आणि आकड्याचा अर्थ सांगू शकणारा वीजतंत्री हे काम करू शकतो.

त्याने कूलरसोबत अर्थिंगही पाहायला हवं. तापीकाठची काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. नेमके तेव्हाच कूलर दिवसरात्र चालतात. खड्ड्यात पाणी घाला, गळती होताच वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा, टाकी भरण्याआधी प्लग काढा. आणि कुणी ‘चेक केलंय’ म्हणालं, तर विचारा: आकडा किती आला?